खोक्यातले अकरा टॅबलेट : एका द्राक्ष कंपनीने मजबुती कशी पारखली

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातली ही एक शेतकरी उत्पादक कंपनी. सभासद सगळे द्राक्ष बागायतदार, माल बहुतेक युरोपला जाणारा, स्वतःचं छोटं पॅकहाउस. माणसं आणि गाव ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची नावंही घेतलेली नाहीत, कारण अमुक ब्रँड चांगला की तमुक, हा इथे प्रश्नच नव्हता.

निर्यातीच्या द्राक्षाला नोंदी लागतात आणि त्या त्याच दिवशी व्हाव्या लागतात. शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था अपेडा, तिच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीवर प्लॉटची नोंदणी, ऑक्टोबर छाटणीची तारीख, कोणतं औषध कधी आणि किती मारलं, काढणीला किती दिवस उरले, मालात उरलेल्या औषधाच्या अंश तपासणीचा नमुना कधी गेला. २०१० साली वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सीसीसीच्या, अंशावरून आपला माल युरोपात अडकला होता. ते वर्ष ज्यांनी काढलं ते फवारणीच्या वहीची थट्टा करत नाहीत.

कंपनीचे फील्ड ऑफिसर रोज मोटारसायकलवरून बागा फिरतात, नोंदी घेतात, घडांचे आणि पानांवरच्या डागांचे फोटो काढतात. वही भिजते, एकाचं अक्षर दुसऱ्याला लागत नाही, म्हणून दोन हंगामांपूर्वी कंपनीने सोळा आठ इंची टॅबलेट घेतले होते. मी अशा संस्थांना उपकरणांची खरेदी आणि देखभाल यांत मदत करतो. २०२५ च्या पावसाळ्यात त्यांनी मला बोलावलं.

अडचण

सोळापैकी अकरा टॅबलेट बंद होते आणि छाटणी तोंडावर आली होती. संचालकांच्या बैठकीत तीन मतं पडली.

खजिनदार, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांचं म्हणणं सरळ होतं : "तेच परत घ्या. अकरा-बारा हजारांत दोन हंगाम निघाले, अजून काय पाहिजे?" अध्यक्ष आण्णा शोरूममधून एक धातूचा, पातळ, छोटा टॅबलेट बघून आले होते. "वस्तू हातात घेतली की कळतं, नाना. हे प्लॅस्टिक दाबलं तर करकरतं." पॅकहाउस सांभाळणाऱ्या ताईंना जाड रबरी कडांचा, 'लष्करी दर्जाचा' टॅबलेट हवा होता. त्याची किंमत पन्नास हजारांच्या आसपास, पण त्यांच्या मते एकदाच खर्च केलेला बरा.

'मजबुती' हा शब्द तिघांच्याही तोंडी होता, पण नाना किमतीबद्दल बोलत होते, आण्णा हाताला लागणाऱ्या धातूबद्दल आणि ताई बाजूंच्या रबराबद्दल. अकरा टॅबलेट कशाने गेले, हे मी विचारलं तेव्हा 'क्वालिटीच नाही हो', 'पोरं आपटतात', 'पावसात भिजले असतील' अशी उत्तरं आली. कोणी उघडून बघितलं नव्हतं. मेलेली यंत्रं पॅकहाउसच्या स्टोअरमध्ये द्राक्षाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून होती.

खोकं उघडलं तेव्हा

ते खोकं घेऊन आम्ही नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या एका दुरुस्ती कारागिराकडे गेलो. नाना आणि ताई दोघंही आले. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची दुपार हीच. पुढच्या प्रत्येक निर्णयाचं मूळ त्या टेबलावर आहे.

कारागीर एकेक टॅबलेट गरम पॅडवर ठेवायचा, कडेने पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवायचा आणि पाठ उचलायचा. अकरांची वाटणी अशी निघाली.

पाच टॅबलेट चार्जिंगच्या तोंडाने गेले होते. त्यांतल्या तिनांत बाकी सगळं ठीक. टाइप-सीचं तोंड मुळात वाईट नसतं. त्याची रचनाच अशी आहे की पकडणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या बाजूला असतात आणि यंत्रात नुसती मधली जीभ राहते, म्हणजे झीज व्हायची ती स्वस्त केबलची व्हावी. प्रमाणित जोडणी दहा हजार वेळा घाला-काढायला टिकते. पण ते सरळ घालण्याबद्दल झालं. आमची फील्डवरची मुलं पॉवर बँक खिशात आणि टॅबलेट हातात असं चालत नोंदी करत होती. केबलला दिवसभर आडवा ताण. कारागिराने भिंगाखाली दाखवलं : जॅक मुख्य बोर्डावरच टाकलेला, आणि एका बाजूचे टाके उचकटलेले. "सीसी बोर्ड वेगळा असता ना साहेब, तर तीन-चारशे रुपयांत आणि चहा होईस्तोवर काम झालं असतं. इथं अख्खा बोर्ड तापवायचा, वाचला तर वाचला." सीसी बोर्ड म्हणजे फक्त चार्जिंगचा जॅक असलेला छोटा, वेगळा बोर्ड.

तीन टॅबलेटच्या काचा फुटलेल्या. तिन्ही शेजारी ठेवल्यावर ताईंच्या लक्षात आलं की भेगा एकाच कोपऱ्यातून निघाल्या आहेत, खालच्या डाव्या. त्या कोपऱ्यात आत स्पीकरची पोकळी होती, काचेखाली आधार नव्हता. वर कंपनीने दिलेलं पुस्तकासारखं उघडणारं कव्हर नेमके चारही कोपरे उघडे सोडत होतं.

दोनांच्या बॅटऱ्या फुगून डिस्प्ले चिकटपट्टीतून वर आला होता. हे दोन बागेत कधी गेलेच नव्हते. पॅकहाउसच्या वजनकाट्याशेजारी हंगामभर रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवलेले होते. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत ठेवली की लवकर म्हातारी होते. कोणी आपटलं नाही, भिजवलं नाही, तरी गेली. कारागिराने त्या दोन हलक्या हाताने बाजूला केल्या आणि नानांना त्या दाबून बघू दिल्या नाहीत.

अकरावा फक्त फोटोंनी गच्च भरला होता. जागा मोकळी केल्यावर चालू झाला. "एक तर फुकटात मिळाला," नाना म्हणाले.

चार्जिंगच्या पाचांपैकी दोनांत बोर्डावर निळसर हिरवा थर होता. ताईंनी लगेच विचारलं, हे मोरचूद का? मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाच्या हंगामात प्रश्न रास्तच. तांब्याला ओल आणि क्षार लागले की तसाही असाच रंग येतो. दुरुस्तीवाले त्या सगळ्याला सरसकट 'कार्बन' म्हणतात. उगम काहीही असो, पाणी आत गेलं होतं एवढं नक्की. कुठून गेलं तेही दिसत होतं : दोन्हींच्या काचेला जुनी, बारीक चीर होती. म्हणजे काच फुटल्यावरही ती यंत्रं कितीतरी दिवस तशीच वापरात होती.

का, याचं उत्तर परतीच्या गाडीत ताईंनी दिलं. काच फुटली की दुरुस्तीचे पैसे मुलांच्या पगारातून कापले जात. मग कोण सांगेल? चिकटपट्टी लावून चालवायचं. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं, तेव्हा त्यांच्याही तक्रारी अशाच होत्या : फोन कमी ताकदीचे, तापणारे, अडकणारे, आणि वर दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी. दंड लावला की यंत्र जपलं जातं असं नाही, बिघाड लपवला जातो. आणि लपवलेल्या बिघाडातून पुढच्या खरेदीला काही शिकायला मिळत नाही.

कोणते पर्याय होते

खोकं बघितल्यावर बैठकीतल्या तीन पर्यायांचे चार झाले.

पहिला नानांचा : तोच किंवा तसाच स्वस्त आठ इंची टॅबलेट. दुसरा आण्णांचा धातूचा. तिसरा ताईंचा, काढता येणाऱ्या बॅटरीचा, धूळ-पाणी अडवण्याचा आकडा आयपी ६८ आणि लष्करी चाचण्यांचं नाव मिल-एसटीडी-८१० असं छापलेला. चौथा कारागिराच्या एका वाक्यातून आला : "टॅबचा फोल्डर मागवावा लागतो, आठ-पंधरा दिवस. जास्त खपणाऱ्या फोनचा तालुक्याला पण मिळतो." फोल्डर म्हणजे काच आणि डिस्प्ले यांचा एकत्र संच. तर मग आठ इंची टॅबलेटऐवजी पावणेसात इंचाचा मोठा स्मार्टफोनच का नको? सुटे भाग गल्लोगल्ली, कव्हरं हवी तशी, आणि हाताच्या पंज्यात मावतो म्हणून पडण्याची शक्यताही कमी.

त्याच्या विरोधातली बाजूही खरी होती. पन्नाशीच्या पुढच्या दोन-तीन फील्ड ऑफिसरांना फवारणीचा लांबलचक फॉर्म फोनवर वाचता येईना.

दुकानात काय बघितलं

दुकानात यंत्राची मजबुती कळत नाही असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. काय शोधायचं ते माहीत असेल तर दहा मिनिटांत पुष्कळ कळतं. आम्ही खोक्यातून निघालेल्या प्रश्नांच्या क्रमानेच बघितलं.

सुरुवात तोंडापासून. आपली चांगली केबल सोबत नेली, ती घातली आणि हलकेच वर-खाली केली. सगळीच थोडी हलतात. पण केबलबरोबर आतली जीभ किंवा तोंडाची कड हलताना दिसली की ते यंत्र बाद. मग सुटे भाग विकणाऱ्यांच्या ऑनलाइन दुकानांत त्या मॉडेलचा सीसी बोर्ड वेगळा विकला जातो का ते बघितलं. वेगळा विकत मिळतो म्हणजे आत वेगळा आहे. यंत्र न उघडता आतलं कळण्याचा हा सोपा मार्ग, आणि तो आण्णांना फार आवडला.

मग सांगाडा. दोन्ही हातांनी कडा धरून अगदी थोडा पीळ द्यायचा, पांढरा पडदा लावून कडांना बोटाने दाबायचं, रंगाचे डाग उमटतात का बघायचं. करकर आवाज नेहमी वाईट नसतो. प्लॅस्टिकची पाठ थोडी दबते, परत येते, आणि पडताना मार स्वतःवर घेते. धातू दबत नाही, पण दबला की दबलेलाच राहतो आणि कोपऱ्याची पोचलेली कड आतून काचेवर टेकते. पातळ धातू सपाट राहीलच असंही नाही. २०१८ च्या आयपॅड प्रोमध्ये काहींना बाक दिसला तेव्हा अॅपलने ४०० मायक्रॉनपर्यंतचा फरक आपल्या मर्यादेत बसतो असं सांगितलं होतं. वजनाचाही असाच भ्रम आहे. जड वस्तू भारी वाटते, पण पडताना तेच वजन तिच्या कोपऱ्यावर येतं.

आण्णा शोरूममधल्या धातूच्या टॅबलेटवर बोटाने टकटक करून बघत होते. मडकं वाजवून घ्यावं तसं. त्यांना थांबवलं नाही, फक्त एक पट्टी दिली आणि काच कडांच्या वर आहे की खाली ते बघायला सांगितलं. काच वर होती, आणि कडांना गोलाई. म्हणजे पालथा ठेवला तरी काचच टेकणार, आणि टेम्पर्ड ग्लास कडेपर्यंत बसणार नाही. नानांच्या स्वस्त टॅबलेटची काच मात्र चौकटीच्या किंचित आत बसलेली निघाली. नाना काही बोलले नाहीत, पण तोंडावर समाधान दिसत होतं.

डिस्प्ले तिरका धरून बघायची सवय तर प्रत्येकाने लावून घ्यावी. चित्र काचेच्या पृष्ठावरच आहे असं वाटलं, तर काच आणि पडदा एकत्र चिकटवलेले असतात. चित्र खोल गेल्यासारखं वाटलं, तर मध्ये हवेची फट आहे. एकत्र चिकटवलेला उन्हात छान दिसतो, सगळे त्यालाच वरचा दर्जा म्हणतात. पण फुटल्यावर हिशेब उलटतो. फट असलेल्या टॅबलेटची नुसती वरची टच-काच बदलता येते, चिकटवलेल्यात अख्खा फोल्डर टाकावा लागतो. मांडवाखालच्या सावलीत काम करणाऱ्याला उन्हातलं दिसणं जास्त मोलाचं की स्वस्त काच, हे त्याचं त्यानेच ठरवायचं.

काच कोणत्या नावाची आहे यावर दुकानदार बराच वेळ घेतो. कडक काचेचं तंत्र खरं आहे : काच क्षारात बुडवून तिच्यातल्या सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियमचे आयन बसवतात, त्याने पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि सहज तडकत नाही. पण ओरखड्याची गोष्ट वेगळी. वाळूत आणि धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोह मापावर त्यांची कठीणता ७. काचेवर साधारण ६ पासूनच चरे उठू लागतात. म्हणून धूळ बसलेला पडदा सदऱ्याच्या टोकाने पुसणं हेच वाईट. आधी फुंकर, मग कापड.

सिमचा ट्रे काढून बघितला. कडेला रबराची बारीक कडी असेल तर कोणीतरी पाण्याचा विचार केला आहे. नसेल तर खोक्यावरच्या थेंबाच्या चित्राकडे लक्ष द्यायचं नाही. खोक्यावर आणि चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का हेही बघितलं. तो सुरक्षिततेचा शिक्का, मजबुतीचा नव्हे. पण सुट्या चार्जरवर तो नसेल तर चार्जर घेऊच नये.

खोक्यावरची अक्षरं

ताईंच्या पर्यायावर इथे बराच खल झाला. आयपी ६८ मधला ६ धुळीचा, म्हणजे धूळ पूर्ण बंद. ८ म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त पाण्यात, किती खोल आणि किती वेळ ते उत्पादक सांगेल तेवढं. चाचणी नव्या यंत्राची आणि साध्या पाण्यात होते. गंधक, औषध पानाला चिकटवणारं स्टिकर आणि ताम्रयुक्त औषधं मिसळलेल्या पाण्याबद्दल तो आकडा काही सांगत नाही, आणि पाणी गेलं तर वॉरंटी साधारणपणे हात वर करते. पॅकहाउसचा त्रास तर आणखी वेगळा होता. शून्य अंशाजवळच्या शीतगृहातून यंत्र बाहेर उबेत आणलं की त्यावर आणि त्याच्या आत दव धरतं. बुडवून केलेली चाचणी त्याचं उत्तर नाही.

मिल-एसटीडी-८१० हा अमेरिकन लष्कराच्या चाचणी पद्धतींचा संच आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते उत्पादक निवडतो आणि चाचणीही बहुधा तोच करवून घेतो. पडण्याच्या प्रसिद्ध चाचणीत १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात, पण प्लायवूडवर, आणि ते २६ पतन पाच नगांत वाटून द्यायची मुभा आहे. आमच्या पॅकहाउसला कोबा आहे आणि बागेच्या रस्त्याला खडी. ताईंनी पुरवठादाराला नेमक्या कोणत्या पद्धतीने चाचण्या झाल्या ते लेखी मागितलं. एकाने पूर्ण तक्ता पाठवला, दुसऱ्याने जाहिरातपत्रकच परत पाठवलं. निवड तिथेच झाली.

एक मदत अनपेक्षित दिशेने आली. कंपनीची द्राक्षं जिथे जातात त्या युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅबलेटवर लेबल सक्तीचं झालं आहे : पडण्यात टिकण्याचा वर्ग, दुरुस्तीला सोपं किती याचा वर्ग, बॅटरी किती वेळा भरून चालेल, धूळ-पाण्याचा आयपी आकडा. बॅटरीने किमान ८०० वेळा भरून झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखावी अशी अटही त्यांनी घातली आहे. तिथे विकली जाणारी मॉडेलं सार्वजनिक नोंदवहीत बघता येतात. आपल्याकडे तेच मॉडेल त्याच क्रमांकाचं असेल तरच तुलना करायची, कारण नाव एक आणि आतला माल वेगळा असं होतं. तरी दोन फोनांपैकी एक निवडताना पडण्याचा वर्ग उपयोगी पडला. आण्णा म्हणाले, "आपल्या मण्याचा आकार तपासतात, आता त्यांच्याच तपासणीचा आपल्याला उपयोग."

नमुने घ्यायचे की नाही

सगळे नग घेण्याआधी थोडे नमुने वापरून बघावेत, यावर नाना अडले. "मोडून बघायला पैसे द्यायचे?" हा पहिला खरा निर्णयाचा टप्पा. शेवटी पाच नगांवर तडजोड झाली : स्वस्त टॅबलेट, धातूचा टॅबलेट, ताईंचा जाड टॅबलेट आणि दोन प्रकारचे मोठे फोन, एकेक. ते कोणाला द्यायचे याचा नियम ताईंनी घातला, ज्यांच्या हातून आजवर सर्वांत जास्त मोडलं त्यांनाच.

महिन्याभरात धातूचा टॅबलेट मोटारसायकलच्या टाकीवरून घसरला, कोपरा चेमटला आणि चीर तिथूनच निघाली. जाड टॅबलेट परत आला तो अगदी नव्यासारखा. ताई खूश झाल्या, मग खोदून विचारलं तर तो फील्ड ऑफिसर म्हणाला, "जड होतो ओ ताई, मी घरीच ठेवत होतो." वहीवर नोंदी करून संध्याकाळी घरी भरत होता. घरी ठेवलेलं यंत्र मजबूत राहणारच.

महाग फोनने वेगळाच धडा दिला. तो हँडलच्या पकडीत लावून नकाशा बघत फिरवला होता. काही आठवड्यांनी पानांचे जवळून काढलेले फोटो धूसर येऊ लागले. कॅमेऱ्यात प्रतिमा स्थिर ठेवणारी हलती भिंगं असतात, त्यांना मोटारसायकलचा सततचा कंप सोसत नाही. २०२१ मध्ये अॅपलनेही आपल्या आयफोनबद्दल असा इशारा दिला होता. स्वस्त फोनमध्ये ती सोयच नव्हती, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही.

निर्णय आणि अंमलबजावणी

बहुतेक फील्ड ऑफिसरांना पंधरा हजारांच्या आतला मोठा फोन, प्लॅस्टिक पाठ, वेगळा सीसी बोर्ड, आयपी ६४. वाचायचा त्रास असलेल्या तिघांना स्वस्त टॅबलेट, पण चारही कोपरे झाकणाऱ्या जाड सिलिकॉन कव्हरसह. पॅकहाउसला दोन जाड टॅबलेट, तिथे वजनाचा प्रश्न नव्हता आणि बॅटरी काढता येत होती. आण्णांचा धातूचा टॅबलेट आण्णांनीच काच बदलून स्वतःसाठी ठेवला.

खरेदीबरोबर दोन फोल्डर आणि चार सीसी बोर्ड आधीच घेऊन ठेवले. हँडलची पकड बंद, कमरेची पिशवी आली. पॉवर बँक लावून चालताना काम करायचं नाही. पॅकहाउसच्या यंत्रांना ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी सेटिंग लावली.

पगारातून कपात बंद करण्याला सर्वांत जास्त वेळ लागला. नानांचा आक्षेप होता की मग कोणी जपणारच नाही. तोडगा असा निघाला : बिघाड त्याच दिवशी सांगितला तर दंड नाही, लपवला आणि नंतर सापडला तर निम्मा खर्च. ताईंनी एक साधी वही घातली, तीन रकाने : काय तुटलं, कुठे असताना, कशाने.

हंगाम कसा गेला

एप्रिलपर्यंत एक काच फुटली, दोन सीसी बोर्ड बदलावे लागले, आणि दोन्ही तालुक्याच्या गावीच, एका दिवसात. एक फोन शेततळ्यात गेला आणि मिळालाच नाही. त्याच्या आयपीची परीक्षा राहिली. पॅकहाउसच्या एका टॅबलेटची बॅटरी दुबळी झाली, ताईंनी स्वतः बदलली. नोंदी थांबल्या असा दिवस आला नाही.

त्रास नव्हताच असं नाही. मार्चमध्ये जीपच्या काचेमागे ठेवलेले फोन तापून पडदा मंद करत आणि चार्ज व्हायचं थांबत. तो बिघाड नव्हे, बॅटरी स्वतःला वाचवते, पण नोंद करणाऱ्याला त्याचं काय. आणि दुसऱ्या खेपेत आलेल्या चार फोनांचा पडदा पहिल्यांपेक्षा फिका निघाला. मॉडेल तेच, पॅनेल दुसऱ्या पुरवठादाराचं. आधी घेऊन ठेवलेला फोल्डर त्या चारांना बसेना.

वेगळं काय करता आलं असतं

नमुने पावसाळ्यात वापरून बघितले, म्हणून पाण्याबद्दल कळलं, उन्हाबद्दल नाही. हे काम पावसाळ्याऐवजी एप्रिलच्या खरड छाटणीलाच सुरू करून एक नमुना तेव्हा बागेत फिरवला असता तर जीपमधला प्रकार आधीच दिसला असता, आणि चार्जिंगची सोय गाडीऐवजी पॅकहाउसवर केली असती.

नमुने ज्यांना दिले ते सगळे मोटारसायकलवरचे पुरुष होते. पॅकहाउसमध्ये घड निवडणाऱ्या आणि पॅक करणाऱ्या बायकांना कोणी विचारलं नाही, आणि हंगामात ओल्या बोटांनी टच चालत नाही ही तक्रार त्यांच्याकडूनच आली. जाड टॅबलेटमध्ये हातमोज्यांसाठी वेगळी सेटिंग होती, ती चालू करायचं जानेवारी संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. एका बाईंना सुरुवातीलाच नमुना दिला असता तर पहिल्याच आठवड्यात हे निघालं असतं.

सगळा माल एकाच खेपेत मागवून, त्यातला एक नग पुरवठादारासमोर उघडून बघायची अट घालता आली असती. नानांनी पैसे दोन टप्प्यांत द्यायचं ठरवलं, त्याचं कारण त्यांच्या बाजूने बरोबर होतं. पण सुटे भाग आधीच घेऊन ठेवायचे तर सगळे नग एकसारखे असावे लागतात, आणि या दोन निर्णयांचा एकमेकांशी संबंध आहे हे बैठकीत कोणी मांडलं नाही.

फॉर्म लहान करायची कल्पनाही उशिरा सुचली. तिघांना टॅबलेट द्यावा लागला तो फवारणीच्या पानावर एकवीस रकाने होते म्हणून. त्यातले कितीतरी ग्रेपनेटला लागतच नाहीत, जुन्या वहीतून तसेच उचललेले होते. ताईंनी ते आता बारावर आणलेत. पुढच्या छाटणीआधी त्या तिघांपैकी एकाला फोन देऊन बघायचा आहे. त्याची निवड झाली आहे, फोन कोणता द्यायचा यावर नाना आणि आण्णांचं अजून एकमत नाही.